डोळा भरणे

साक्रीच्या कोर्टात एकोणीस वर्षं मी टंकलेखक.
माणसं बोलतात, मी त्याचं मराठी करते.
मराठीचंही मराठी.

त्या दिवशी पिंजऱ्यात उखर्डू सोनजी,
भोरटेकच्या फडाचा पाटकरी.
फावडं बाहेर ठेवायला लावलेलं,
म्हणून हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं.

पाटबंधारे खात्याच्या वकिलांनी विचारलं,
ही तुमची कमिटी नोंदलेली आहे?
बारी शे, साहेब.
नोंदणी क्रमांक?
बारी शे. औंदा वरल्या फडाले ऊस, मधल्याले गहू,
खालचा पडित. पुढला साल फिरी जाई.
कुठे लिहिलंय हे?
उखर्डू खिडकीबाहेर बघत राहिला,
जणू पांझरा आता जिना चढून
साक्ष द्यायला येणार होती.

खात्याला क्युसेक ऐकू येतात.
कोर्टाला पुरावा.
फडाला ऐकू येतं रात्री दोन वाजता
कोरड्या चारीत शिरणारं पाणी,
आणि कुणाची बारी चुकली
ते त्या आवाजावरून अंधारातच कळतं.
खोलीत तिघंही होते.
कुणी खोटं बोलत नव्हतं.
कुणी कुणाशी बोलतही नव्हतं.

मग न्यायाधीश बाईंनी जाड पुस्तक ओढलं.
घटना बघू, म्हणाल्या.
उखर्डू दचकला.
काय व्हयनं? कोठे?

कोर्ट हसलं. मी नाही हसले.
जे घडून गेलं त्याला,
आणि ज्याच्या आधारावर पुढचं घडायचं त्यालाही
आपल्या भाषेनं एकच शब्द दिलाय,
हे मला एकोणीस वर्षांत
एका पाटकऱ्यानं दाखवलं.

तेराव्या कलमात सापडली अर्धी ओळ :
कायदा म्हटलं की त्यात रूढीही आली,
कायद्याचं बळ असलेली.
बस, एवढीच फट.

मी टाईप केलं 'पाळी'. खोडलं.
'पारंपरिक पाणीवाटप पद्धत' असं केलं,
तर शब्दातलं पाणीच आटलं.
बाई म्हणाल्या, त्याचाच शब्द ठेवा.
अशी बारी फायलीत गेली,
चिखलाच्या पायांनी.

माझे वडील मेहरूणला बोरीचे डोळे भरायचे.
रानबोरीच्या सालीला चाकूनं छेद,
आत गोड झाडाचा एक डोळा सरकवायचा,
वरून चिंधी, डोळा तेवढा उघडा.
मी विचारायचे, आता दोन्ही झाडं एक झाली?
छे, म्हणायचे.
मूळ रानटीच राहतं, फांदी आपलीच बोरं देते.
एकमेकांचं त्यांना काही कळत नाही.
फक्त सालीखाली एवढी ओल लागते,
नखाएवढी.
तिथून चालतं सगळं.

आदेशाच्या तीन प्रती निघाल्या.
खात्यानं आवक शिक्का मारून वाचलं :
दर मंगळवारी, शून्य पूर्णांक आठ क्युसेक.
गावात जागल्यानं बंधाऱ्यावर उभं राहून वाचलं
आणि पदरचं एक वाक्य घातलं,
की विधवा बायजाच्या शेताला आधी.
ते आदेशात नव्हतं. बारीत होतं.

पाणी आलं. नऊ दिवस उशिरा.
शेवटच्या दोन तुकड्यांत गव्हाचा दाणा भरलाच नाही.
खात्यानं कळवलं, अनुपालन झाले.
मीच ते पत्र फायलीला लावलं, टाचणी बोटात गेली.

परवा उखर्डू नक्कल घ्यायला आला.
वाचता येत नाही त्याला. बोट फिरवत राहिला,
मग विचारलं,
यामा बारी कोठे शे?
मी दाखवलं. त्यानं तिथे अंगठ्यानं दाबून बघितलं,
ओल आहे का बघावी तसं.

वडील सांगायचे, तीन आठवड्यांनी
डोळ्याजवळच्या देठाला हलकं बोट लाव.
गळून पडला, तर जगलं.
वाळून चिकटून राहिला, तर मेलं.

बोट लावायचा धीर मला तेव्हाही होत नसे.